चाळीस लेकरं, दोन राखणदार

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा राजा कोण होता हे आता कुणाला सांगता येत नाही, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. एक डोंगर होता, एवढं मात्र नक्की.

डोंगराच्या दक्षिणेला मोठं नगर होतं. पश्चिमेच्या पायथ्याला पाऊणशे उंबऱ्यांची एक वाडी होती. डोंगर दोघांचा एक, देवी दोघांची एक. एकमेकांविषयी मात्र दोघांनाही काडीचं प्रेम नव्हतं.

नगरातले लोक म्हणत, "वाडीची पोरं म्हणजे मोकाट वासरं. एका जागी बसतील तर शपथ!"

वाडीतले लोक म्हणत, "नगराची पोरं व्हय? दवंडी पिटल्याबिगर त्यास्नी भूक बी लागत न्हाई."

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, दोन्ही बोलण्यांत थोडं थोडं खरं होतं. म्हणून तर ती इतकी झोंबायची.

आता त्या डोंगरावरची एक रीत सांगतो. दर चैत्रात देवीची जत्रा भरे. देवी डोंगरमाथ्यावर नव्हती. ती होती पूर्वेच्या कड्याखाली, खोल घळीतल्या गुहेत. कड्यात पाऊल मावेल एवढ्या खोबण्या खोदलेल्या होत्या आणि एका वेळी एकाच माणसाला साखळी धरून उतरता येई. लहान मुलांना तिथं नेणं शक्यच नव्हतं. म्हणून जत्रेला आलेली आठ वर्षांच्या आतली सगळी मुलं माथ्यावरच्या सपाटीवर ठेवायची, आणि थोरांनी खाली जाऊन पूजा करून यायचं. मुलांवर दोन राखणदार नेमायचे. एक नगराचा, एक वाडीचा. दोघंही पंधरा-सोळा वर्षांचे, म्हणजे धड लहान नाहीत आणि धड मोठे नाहीत अशा वयाचे. पिढ्यान् पिढ्या काही विपरीत घडलं नव्हतं, त्यामुळे त्या राखणीला कुणी फारसं महत्त्व देत नसे.

त्या वर्षी नगराकडून आला त्र्यंबक. वेशीच्या दरवानाचा मुलगा. त्याचं घर वेशीला लागूनच होतं. रोज पहाटे वेस उघडली की शेकडो अनोळखी माणसं त्या अरुंद दारातून आत घुसायला बघत. त्र्यंबकाचा बाप आवाज न चढवता, नुसत्या टाळीच्या ठेक्यावर त्यांना ओळीनं आत घेई. त्र्यंबक पायरीवर बसून माणसं मोजे. चेहरे मात्र पाहत नसे. एवढ्या चेहऱ्यांचं करायचं काय? नगरानं त्याला आणखी एक शिकवलं होतं. तिथं प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असे. दिवे लावायला एक, रस्ते झाडायला एक, आग लागली तर नगारा वाजवायला एक. बाकीच्यांनी आपण बरं, आपलं काम बरं.

वाडीकडून आली हौसा. ती शेळ्या राखायची. तिला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. पण पन्नास शेळ्यांतली एक मागं राहिली, तर कोणती राहिली हे ती वळून न बघता सांगे. वाडीत नेमलेलं असं कुणीच नव्हतं. हाळी आली की हातातलं टाकून सगळ्यांनी धावायचं. आणि नवा चेहरा दिसला की आधी विचारायचं, "कुनाचा रं तू?" उत्तर मिळेपर्यंत त्या माणसाला पुढं सरकू द्यायचं नाही. हौसाची ही सवय नगरात गेली असती तर तिला लोकांनी वेडी म्हटलं असतं.

थोर माणसं कड्यावरून एकेक करत उतरू लागली. ढोल-झांजा खाली घळीत घुमू लागल्या. जाताना नगराच्या एका बाईनं त्र्यंबकाला बजावलं, "आपल्या मुलांकडे बघ. त्यांच्याकडे ती रानवट बघेल."

वाडीच्या एका म्हाताऱ्यानं हौसाच्या कानात सांगितलं, "आपली पोरं तेवढी नदरंत ठेव. नगराच्यांचं नगराच्यांनी बघावं."

झालं. एका सपाटीवर दोन राखणी सुरू झाल्या.

नगराची बावीस मुलं गवतानं शाकारलेल्या मांडवाच्या सावलीत शहाण्यासारखी बसली. वाडीची अठरा मुलं गवतात हुंदडू लागली. मांडवाच्या पाठीमागे चूल होती आणि नैवेद्य शिजल्यावर तिचे निखारे राखेखाली झाकून ठेवलेले होते. बाकी सगळीकडे चैत्रातलं गवत होतं. गुडघाभर, पिवळं, बोट लावलं तर मोडणारं. ते थेट कड्याच्या टोकापर्यंत पसरलं होतं.

त्र्यंबकानं येताच सवयीनं मुलं मोजली. चाळीस. मोजून झाल्यावर तो दगडावर बसला. हौसा मात्र मांडवात जाऊन नगराच्या एकेका मुलाला विचारत सुटली, "कुनाची गं तू? तुझ्या हातात काय हाय?" मुलं बुजली. त्र्यंबक वैतागला.

"ए, त्यांना त्रास देऊ नकोस. तुझी तिकडे आहेत."

"इचारलं तर काय झालं? जीभ झिजती व्हय?" असं म्हणून ती आपल्या मुलांकडे गेली. नंतर बराच वेळ दोघं एकमेकांशी बोलली नाहीत.

दुपार टळली. वारा पडला होता. त्र्यंबकाचं तोंड पश्चिमेकडे होतं, आणि धूर पहिल्यांदा त्यालाच दिसला. उताराखालून एक बारीक करडी रेघ वर चढत होती. मध काढणाऱ्यांनी पेटवलेला पलिता गवतात पडला होता, असं पुढं कळलं. पण तेव्हा त्र्यंबकाला काय माहीत? नगरात धूर रोजच निघतो. कुठं भट्टी असते, कुठं चूल. धूर बघून कुणी उठून उभं राहत नाही. नगारा वाजला तर उठायचं.

नगारा वाजला नाही. त्र्यंबक बसून राहिला.

रेघ जाड झाली. त्र्यंबकाच्या मनात एकदा आलं, कुणाला सांगावं का? पण सांगायचं कुणाला? त्या रानवट मुलीला? ती हसेल. आणि एवढा मोठा डोंगर, एवढी मोठी जत्रा, म्हणजे आगीवर नजर ठेवायला कुणीतरी माणूस असणारच. तो आपलं काम करील.

बाळांनो, असा विचार करणारा मुलगा वाईट नसतो. पण या विचारानं त्या दिवशी घटकाभर वेळ खाल्ला, आणि तो वेळ काही परत मिळणारा नव्हता.

मग पश्चिमेचा वारा सुटला. हौसाची पाठ त्या बाजूला होती. तिनं मान न वळवता नाक वर केलं. नुसत्या वासानं तिचा चेहरा बदलला.

"गवात जळतंय," ती म्हणाली आणि गर्रकन वळली. उताराच्या कडेवर धुराचा पडदा उभा होता. "कवाधरनं दिसतोय ह्यो?"

"मघापासून," त्र्यंबक म्हणाला.

"आन तू बोलला न्हाईस?"

"ते माझं काम नव्हतं. त्याला माणूस नेमलेला असेल."

"हितं कोन नेमलंय रं? हितं तू हाईस आन मी हाय!"

त्र्यंबक उत्तर देणार, एवढ्यात हौसानं तोंडाभोवती हात धरले आणि पोटातून हाळी दिली, "वणवाऽऽऽ! पळाऽऽऽ!"

आणि हीच तिची चूक झाली.

वाडीत ही हाळी ऐकली की प्रत्येक मुलानं एकच करायचं असतं. घराकडं पळायचं. घरांभोवती मळणीची खळी असतात, सारवलेली अंगणं असतात, तिथं आग पोचत नाही. वाडीच्या मुलांनी तेच केलं. ती अठराच्या अठरा जिवाच्या आकांतानं घराकडं सुटली. पण त्यांचं घर होतं पश्चिमेला, आणि वणवा त्याच बाजूनं वर येत होता.

नगराच्या मुलांना हाळीचा अर्थच कळला नाही. त्यांना कळलं एवढंच की काहीतरी भयंकर आलं आहे. नगरातलं मूल घाबरलं की घरात शिरतं आणि छपराखाली लपतं. त्या सपाटीवर छप्पर एकच होतं, वाळल्या गवताच्या मांडवाचं. बावीस मुलं त्या मांडवाच्या पोटात कोंबून बसली.

हौसानं हे पाहिलं. ती पुन्हा हाळी द्यायला हात उचलणार, तोच त्र्यंबकानं तिचं मनगट धरलं.

"ओरडू नकोस! पळणारी अजून पळतील, लपणारी अजून आत शिरतील."

"मंग काय करू? माझी पोरं आगीत चाललीत रं!"

"ती तुझं कशानं ऐकतात? हाळी सोडून दुसरं कशानं?"

हौसानं दोन बोटं तोंडात घातली. संध्याकाळी शेळ्या परतवायची लांब शीळ घुमवत ती उताराकडे धावली. ती शीळ वाडीतल्या मुलांना पाळण्यापासून ओळखीची. दिवस संपला, मागं फिरा, एवढाच तिचा अर्थ. पुढं पळालेली मुलं थबकली. धुरात खोकत, डोळे चोळत ती वळली. हौसा प्रत्येकाला नावानं हाक मारत होती. "तुक्या, इकडं! गोजरे, त्याचा हात धर! रकमे, रडू नगं, माझ्यामागनं ये!" मागं त्यांच्या पाठीवर आता आगीचा आवाज येत होता. वाळकी पानं चुरगाळावी तसा, पण न थांबणारा.

इकडे त्र्यंबक मांडवात शिरला. त्याला किंचाळावंसं वाटत होतं. त्यानं ओठ दातांखाली दाबले आणि बाप करायचा तशी सावकाश टाळी वाजवायला सुरुवात केली. एक, दोन. एक, दोन.

"वेस उघडली," तो म्हणाला, अगदी रोजच्या आवाजात. "ओळीनं यायचं. पुढच्याचा सदरा धरायचा. सदरा सुटला तो बाद. आणि सगळ्यात शेवटी जो असेल तो दरवान. त्यानं कुणालाच मागं ठेवायचं नाही. कोण होतंय दरवान?"

एका मुलानं हात वर केला. मग दोघांनी. टाळीच्या ठेक्यावर ओळ मांडवातून बाहेर पडली. धुरानं डोळे झोंबत होते, पण सदरा कुणी सोडला नाही. जाता जाता थोरल्या मुलांकडून त्यानं जमिनीवर अंथरलेलं जाजम ओढून आणवलं.

सपाटीच्या मधोमध दोन्ही टोळ्या भेटल्या. त्र्यंबकानं मोजायला घेतलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला.

पुन्हा मोजलं. पुन्हा एकोणचाळीस.

"एक कमी आहे. हौसा, एक मूल कमी आहे."

हौसानं आपल्या मुलांवरून नजर फिरवली. एक क्षण पुरला. "माझी समदी हाईत. तुझं हाय ते. कोन न्हाई?"

त्र्यंबकानं नगराच्या मुलांकडे पाहिलं. एकवीस तोंडं. काजळलेली, रडकी, घाबरलेली. सकाळपासून ती त्याच्यासमोर होती. त्यानं ती मोजली होती. पण त्यांतलं एकही त्यानं पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला कुणीच माहीत नाही गं!"

तो विसावा चेहरा की एकविसावा, कोणता गेला हे आकडा काही सांगेना. हौसा नगराच्या मुलांसमोर वाकली आणि एकेकाच्या हनुवटीला हात लावत गेली. "ह्यो गुळाच्या खड्यावाला. ही दात पडल्याली. हे दोघं भाऊ." ओळीच्या टोकाला पोचून ती ताठ उभी राहिली.

"पिवळ्या परकराची. नाकात चमकी. हातात लाकडाचा घोडा व्हता. ती न्हाई."

"कुठं असेल?"

"त्ये मला काय ठावं? नगराचं लेकरू घाबरलं की कुटं लपतं, त्ये तूच सांग."

त्र्यंबकानं मांडवाकडे पाहिलं. पलीकडे उताराच्या कडेवर आता धूर नव्हता, ज्वाळा होत्या. त्यांचा रंग दिवसाउजेडीही दिसत होता.

"आधी यांना घेऊन दक्षिणेच्या पायऱ्यांनी खाली उतरू," तो म्हणाला. "नगराची फरसबंद वाट आहे, दगडाची. मग मी परत येईन."

"येडा हाईस का? ती वाट तिकडल्या दुसऱ्या घळीतनं जाती. दोनी अंगाला बांबू न गवात. घळीत धूर आदी भरतो. निम्म्या वाटंत गुदमरून मरतील पोरं."

"मग कुठं जायचं?"

हौसा पूर्वेला कड्याकडे बोट दाखवत म्हणाली, "तिकडलं गवात आपुनच पेटवायचं. वारा त्याला फुडं ढकलील, कड्यापातूर जळल आन इझंल. मंग त्या काळ्या जाग्यात जाऊन बसायचं. जळल्याली जागा दुसऱ्यांदा जळत न्हाई."

त्र्यंबक तिच्याकडे बघतच राहिला. आगीतून वाचायला आग लावायची? "नगरात गवताला विस्तव लावणाऱ्याचे हात बांधतात!"

"मंग बांध माझं हात. पन आदी पेटवू दे."

दोघं एकमेकांसमोर उभी होती. बोलायला फार वेळ नव्हता, आणि विश्वास ठेवायला तर त्याहून कमी. चाळीस मुलांचा जीव त्या एका क्षणावर टांगला होता. हौसाला पेटवता येत होतं, म्हणून तिला मुलांजवळ थांबणं भाग होतं. त्र्यंबकाला लपायच्या जागा कळत होत्या, म्हणून मांडवात त्यालाच जाणं भाग होतं. म्हणजे त्याची ओळ तिच्या हाती द्यायची, आणि तिनं ओळखलेली मुलगी त्यानं शोधायची.

"टाळी थांबवू नकोस," तो म्हणाला. "टाळी थांबली की ओळ मोडेल."

"पिवळा परकर," ती म्हणाली. "इसरू नगं."

तो मांडवाकडे धावला. ती चुलीकडे धावली, फुटक्या खापरात निखारे घेऊन आली आणि पूर्वेच्या गवतात ओळीनं टाकत गेली. गवत भडकलं. वाऱ्यानं ती नवी आग कड्याच्या दिशेनं लोटली. नगराची मुलं किंचाळली. समोर आग, मागं आग. हौसाला हाळी द्यायची ऊर्मी आली. ती गिळून तिनं टाळी वाजवली. एक, दोन. एक, दोन. तिचा ठेका चुकत होता, पण ओळ उभी राहिली.

मांडवात त्र्यंबकाला काही दिसेना. तो जमिनीलगत वाकला. वेशीवर दंगा झाला त्या दिवशी आपण चार वर्षांचे असताना कुठं लपलो होतो, हे त्यानं आठवलं. दाराआड नाही, कोपऱ्यात नाही. जिथं वरून खाली कापड लोंबतं आणि आपल्याला जग दिसत नाही, तिथं. नैवेद्याचा चौरंग मांडवाच्या टोकाला होता. त्यावरचं वस्त्र जमिनीपर्यंत आलं होतं. त्यानं ते उचललं.

पिवळा परकर. कानात बोटं, डोळे गच्च मिटलेले, मांडीत लाकडी घोडा. आपल्याला काही दिसलं नाही म्हणजे आपणही कुणाला दिसत नाही, अशा भरवशानं ती बसली होती.

त्यानं तिला खांद्यावर टाकलं. बाहेर पडेपर्यंत मांडवाच्या पश्चिमेच्या बाजूनं पेट घेतला होता. त्र्यंबक अनवाणी धावत सुटला. देवीच्या सपाटीवर वहाणा घालत नसत. जळत्या काडक्यांवर त्याचे पाय पडत होते, आणि तो मोठ्यानं ओरडत होता, पण ओरडत होता ते फक्त, "आलो! आलो!"

तोवर हौसानं लावलेली आग कड्यापर्यंत जाऊन विझली होती. मागं काळी, धुमसती जमीन राहिली होती. मुलांना प्यायला सपाटीवर पाण्याच्या दोन घागरी ठेवलेल्या होत्या. हौसानं त्यांतली एक पुढच्या वाटेवर शिंपडली, दुसरीनं जाजम भिजवलं. वाडीची मुलं पुढं झाली, चटके सोसत, पाय उचलत. नगराची मुलं थबकली. काळ्या जमिनीवर पाय ठेवायला त्यांचं मन घेईना.

"सदरा सोडू नका!" त्र्यंबक मागून ओरडला. "मी आलोय! चला!"

ओळ हलली. सगळे काळ्या जमिनीच्या मध्यावर पोचले, एकमेकांना खेटून पालथे झाले. भिजलं जाजम लहानग्यांवर पसरलं. पुरलं नाही तिथं हौसानं स्वतःला आडवं टाकलं. मग वणवा आला. त्याची धग आधी आली, आवाज मागून. काळ्या जमिनीच्या कडेपाशी त्याला खायला काही उरलं नव्हतं. तो दोन्ही अंगांनी फुटला, कड्याला भिडला, थोडा वेळ तिथं नाचला आणि संपला.

धुरात कुणालाच कुणी दिसत नव्हतं. त्र्यंबक पडल्या पडल्या हातानं डोकी चाचपत मोजत होता. हौसा एकेकाचं नाव घेत होती, आणि ज्यांची नावं ठाऊक नव्हती त्यांना "गुळाचा खडा", "पडका दात" म्हणत होती. प्रत्येक नावाला एक बारीक आवाज ओ देत होता.

"चाळीस," तो म्हणाला.

"समदी," ती म्हणाली.

आणि मग दोघंही लहान मुलांसारखी रडली. मला विचाराल तर, त्या दिवशी मोठं झाल्यावर त्यांना तेवढा हक्क होताच.

कड्यावरून थोर माणसं वर आली. घळीतून त्यांना आकाशाचा पट्टा तेवढा दिसत होता. तो काळा झाल्यावर पूजा टाकून ती साखळीला लोंबकळली होती. आधी प्रत्येकानं आपलं मूल पोटाशी धरलं. नंतर, माणसांचा स्वभाव तो, भांडण सुरू झालं.

"त्या रानवट पोरीनं किंचाळून मुलं उधळली!"

"आन तुमच्या पोरानं धूर बघून मूग गिळले, त्याचं काय?"

मुलांनीच सगळं सांगितलं होतं. देवीची म्हातारी पुजारीण काठी टेकत मधे आली. तिनं दोघा राखणदारांना पुढं बोलावलं.

"म्या वरडले, म्हनून पोरं पांगली," हौसा म्हणाली.

"धूर आधी मला दिसला होता," त्र्यंबक म्हणाला. "मी बोललो नाही."

दोघांनीही दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हातारीनं पिवळ्या परकराच्या मुलीला जवळ ओढलं आणि त्र्यंबकाला विचारलं, "हिला तू आगीतून आणलंस. कुणाची रे ही?"

"माहीत नाही, आजी."

मुलीची आई गर्दीतून पुढं आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "अरे, माझी बकुळा ही! तुमच्या घरापासून तिसरं दार आमचं. तुझ्या पायरीवरून रोज जाते-येते ती. सहा वर्षांची झाली."

त्र्यंबकाची मान खाली गेली. पाय भाजले तेव्हा तो एवढा कळवळला नव्हता.

म्हातारी हौसाकडे वळली. "आणि तू गं? तुझी माझी करत बसली असतीस, तर किती मुलं घेऊन काळ्या जमिनीवर गेली असतीस?"

"समदी," हौसा सवयीनं म्हणाली, आणि मधेच थांबली. तिला आठवलं, आपली अठरा तोंडं दिसताच ती निश्चिंत झाली होती. त्र्यंबकानं मोजलं नसतं, तर चाळिसावं मूल नाही हे तिच्या गावीही नसतं. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"नगराचं बघायचं न्हाई, असंच सांगितलं व्हतं मला," ती हळूच म्हणाली. वाडीचा तो म्हातारा दुसरीकडे बघू लागला. नगराच्या त्या बाईनंही नजर वर केली नाही.

वाडीचं वर्षाचं गवत त्या दिवशी राख झालं. दुसऱ्या सकाळी गुरं कुठं न्यावी या विचारात वाडीची माणसं बसली होती, तेव्हा नगराच्या कुरणाचं फाटक कुणीतरी उघडं टाकलं. त्या कामाला कुणी माणूस नेमला नव्हता.

राखणीची रीत चालूच राहिली, पण तिला एक जोड मिळाली. जत्रेआधी महिनाभर वाडीच्या राखणदारानं नगराच्या वेशीवर उभं राहायचं. तिथं त्याला कुणी ओळखत नाही, आणि त्यानंही न ओळखणाऱ्या माणसांना आपलं मानून मोजायला शिकायचं. नगराच्या राखणदाराला मात्र वाडीत पाठवत नसत. त्याला पाठवत त्याच्याच आळीत. महिनाभर दारोदार जायचं, आणि प्रत्येक उंबऱ्यावर थांबून विचारायचं, "तुम्ही कोण? घरात लेकरं कोणकोण?" पहिल्या वर्षी हे काम त्र्यंबकानं आपणहून मागून घेतलं. पायांना फडकी बांधून, लंगडत लंगडत तो पहिल्यांदा तिसऱ्या दाराशी गेला.

ध्यानात ठेवावं ते एवढंच: आपण जिथं वाढतो ती जागा आपल्याला अर्धंच शहाणं करते, आणि उरलेलं अर्धं ज्याला आपण अडाणी म्हणतो त्याच्यापाशी असतं.